दहा पौंडांत ऑस्ट्रेलिया

दुसऱ्या महायुद्धात जपानी फौजा दाराशी येऊन गेल्या, तेव्हा ऑस्ट्रेलियाला आपली विरळ वस्ती खुपू लागली. १९४५ मध्ये देशाचे पहिले स्थलांतरमंत्री झालेल्या आर्थर कॉलवेल यांच्या काळात ब्रिटिशांसाठी सवलतीचा जहाजप्रवास सुरू झाला. मोठ्यांना दहा पौंड, मुलांना फुकट! पुढच्या तीनेक दशकांत दहा लाखांहून अधिक माणसं या योजनेतून गेली.

अट मात्र खमकी. दोन वर्षं राहायचं. त्याआधी परतायचं झालं तर सरकारने भरलेलं भाडं फेडायचं, वर परतीचं तिकीट स्वखर्चाने. जाणं स्वस्त, माघारी येणं महाग. उतरल्यावर अनेकांच्या वाट्याला अर्धगोल पत्र्याच्या लष्करी बराकी आल्या. उन्हाळ्यात त्या नुसत्या तापायच्या. न्हाणीघर सामायिक, जेवण पंगतीचं, आणि त्यातल्या मेंढीच्या मटणाबद्दलची कुरकुर तर कायमचीच. सुमारे एक चतुर्थांश लोक मायदेशी परतले. त्यातले काही तिथल्या थंडीपावसाला कंटाळून पुन्हा ऑस्ट्रेलियात आले, म्हणजे बचत गेली ती अशी!

माजी पंतप्रधान ज्युलिया गिलार्ड यांचं कुटुंब १९६६ मध्ये वेल्सहून याच योजनेतून आलं. छोट्या ज्युलियाच्या छातीच्या विकाराला उबदार हवा मानवेल, असा डॉक्टरांचा सल्ला होता.

ऑस्ट्रेलियाचं दार मात्र उघडायचं ते रंग पाहून. दहा पौंडांचं सोडाच, पदरचं पूर्ण भाडं भरूनही भारतीयांना तिथे कायमचं राहणं फार अवघड होतं. या ‘श्वेत ऑस्ट्रेलिया’ धोरणाचे उरलेसुरले अवशेष १९७३ मध्ये पंतप्रधान व्हिटलम यांच्या सरकारने काढून टाकले.