बहुमार्गी ध्वनीचे संगणकीय विलगीकरण व रूपांतर

बहुमार्गी ध्वनीचे संगणकीय विलगीकरण व रूपांतर : श्रोत्याच्या समोर, बाजूंस व मागे मांडलेल्या अनेक ध्वनिक्षेपकांतून निरनिराळे ध्वनी एकाच वेळी ऐकवून तो प्रत्यक्ष प्रसंगस्थळी असल्याचा प्रत्यय निर्माण करणाऱ्या ध्वनीस बहुमार्गी ध्वनी म्हणतात. व्यवहारात तो सराउंड साउंड या नावाने ओळखला जातो. ज्या स्वतंत्र प्रवाहातून एका ध्वनिक्षेपकाला संदेश मिळतो त्या प्रवाहास ध्वनिमार्ग म्हणतात. चित्रपटाच्या अंकीय तबकडीतून वा फाइलीतून असा ध्वनी वेगळा काढणे म्हणजे विलगीकरण आणि त्याचे स्वरूप, मार्गसंख्या किंवा साठवणीची पद्धत बदलणे म्हणजे रूपांतर होय. संगणकावर या दोन्ही क्रिया काही क्षणांत होत असल्यामुळे त्यांतील भेद सहसा लक्षात येत नाही. वस्तुतः योग्य रीतीने केलेल्या विलगीकरणात मूळ ध्वनी तिळमात्र बदलत नाही. रूपांतरात मात्र काही माहिती कायमची नाहीशी होण्याचा संभव असतो.

ध्वनिमार्गांची मांडणी : सर्वाधिक रूढ असलेल्या ५·१ पद्धतीत सहा मार्ग असतात : पुढील डावा, पुढील उजवा, मध्य, मागील डावा, मागील उजवा आणि नीच कंप्रतेच्या परिणामांसाठी राखून ठेवलेला सहावा. या सहाव्या मार्गाची कंप्रता-मर्यादा सुमारे १२० हर्ट्झपर्यंतच असल्याने त्याचा निर्देश ‘·१’ असा करतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार पुढील दोन ध्वनिक्षेपक मध्यरेषेपासून ३० अंशांवर व मागील दोन १०० ते १२० अंशांवर ठेवतात. ७·१ पद्धतीत आणखी दोन मार्गांची भर पडते.

ही मांडणी एका परिचित उदाहरणाने स्पष्ट होईल. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील गंगापूर व गोदावरीकाठच्या गावांत होणाऱ्या हरिनाम सप्ताहातील कीर्तनाचे बहुमार्गी ध्वनिमुद्रण करावयाचे आहे, असे मानू. कीर्तनकाराचा आवाज मध्य मार्गात येईल. एका बाजूचा मृदंग व दोन्ही बाजूंस उभ्या असलेल्या टाळकऱ्यांची साथ पुढील डाव्या-उजव्या मार्गांत विभागली जाईल. मंडपात बसलेल्या श्रोत्यांचा गजर मागील दोन मार्गांत येईल. असे मुद्रण ऐकताना श्रोत्याला आपण मंडपाच्या मध्यभागी बसलो आहोत, असे वाटते. हा प्रत्यय केवळ आवाजांमुळे नव्हे, तर कोणता आवाज कोणत्या मार्गात आहे या माहितीमुळे निर्माण होतो. रूपांतरात प्रथम धोका पोहोचतो तो या माहितीलाच.

इतिहास : इंग्लंडमधील ॲलन ब्लमलाइन यांनी १९३१ मध्ये द्विमार्गी ध्वनीच्या एकस्वासाठी अर्ज केला. १९४० मध्ये वॉल्ट डिझ्नी यांच्या फँटेशिया या चित्रपटासाठी अनेक ध्वनिक्षेपकांची खास योजना करण्यात आली. १९५५ पासून ७० मिमी. रुंदीच्या फितीवर सहा चुंबकीय ध्वनिपट घालण्याची पद्धत प्रचारात आली. स्टार वॉर्स (१९७७) या चित्रपटामुळे लोकप्रिय झालेल्या डॉल्बी स्टिरिओ पद्धतीत दोनच प्रकाशीय ध्वनिपटांत चार मार्ग गुंफलेले असत. डॉल्बी डिजिटल ही अंकीय पद्धत १९९२ मध्ये बॅटमन रिटर्न्सबरोबर आणि डीटीएस ही पद्धत १९९३ मध्ये जुरासिक पार्कबरोबर चित्रपटगृहांत आली. २०१२ मध्ये आलेल्या डॉल्बी ॲटमॉस पद्धतीत ठराविक मार्गांखेरीज प्रत्येक ध्वनीचे अवकाशातील स्थानही नोंदविता येते.

मराठी बोलपटाचा प्रारंभ प्रभात फिल्म कंपनीच्या अयोध्येचा राजा (१९३२) या चित्रपटाने झाला, तो एकमार्गी ध्वनीवर. पुढे अनेक दशके गावोगावच्या तंबूतील चित्रपटगृहांत एकमार्गी ध्वनीच ऐकू येत असे. १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झालेल्या शोले या हिंदी चित्रपटाच्या ७० मिमी. प्रतींमुळे व स्टिरिओफोनिक ध्वनीमुळे बहुमार्गी ध्वनीचा अनुभव फार मोठ्या प्रेक्षकवर्गाला मिळाला. मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात तो पाच वर्षे चालला.

फाइलीची रचना : चित्रपटाच्या अंकीय फाइलीत दोन स्तर असतात. बाहेरचा स्तर वेष्टनाचा असून त्यात चित्र, एक वा अनेक भाषांतील ध्वनी, उपशीर्षके व वेळेच्या नोंदी एकत्र बांधलेल्या असतात. डीव्हीडीवरील व्हीओबी, तसेच एमपी-४ व मॅट्रोस्का ही अशी वेष्टने होत. आतील स्तर ध्वनीच्या संकेतनाचा असतो. वेष्टनाच्या नावावरून आतील संकेतन कोणते, हे निश्चित कळत नाही. म्हणून कोणतीही क्रिया करण्यापूर्वी मार्गसंख्या, संकेतन, नमुना-दर व बिट-दर तपासून घेणे आवश्यक ठरते.

संकेतनाचे तीन प्रकार आहेत. पहिल्यात ध्वनीचे नमुने कोणतेही संक्षेपण न करता साठवितात. सहा मार्ग, दर सेकंदास ४८,००० नमुने व प्रत्येक नमुन्यास २४ बिट असे मानल्यास दर सेकंदास ६९,१२,००० बिट लागतात. म्हणजे दोन तासांच्या चित्रपटाचा ध्वनी सुमारे ६·२ अब्ज बाइट जागा व्यापतो. दुसऱ्या प्रकारात, उदा., फ्लॅक किंवा डॉल्बी ट्रूएचडी यांत, माहिती आटोपशीर केली जाते. परंतु उलगडल्यावर मूळ नमुने जसेच्या तसे परत मिळतात. तिसऱ्या प्रकारात मानवी कानाला जाणवणार नाही असा ध्वनीचा अंश गाळून टाकतात. डीव्हीडीवरील डॉल्बी डिजिटल या प्रकारात मोडते. त्याचा बिट-दर सेकंदास कमाल ४,४८,००० असल्याने दोन तासांचा ध्वनी सुमारे ४० कोटी बाइटांत मावतो. ही जागा पहिल्या प्रकाराच्या सुमारे एक-पंधरांश आहे. या प्रकारात एकदा गाळलेला अंश पुन्हा मिळत नाही. [→ ध्वनिमुद्रण व पुनरुत्पादन].

विलगीकरण : यात वेष्टन सोडवून हवा तो ध्वनिप्रवाह न उलगडता जसाच्या तसा दुसऱ्या फाइलीत उतरवितात. एफएफएमपेग या मुक्त आज्ञावलीत ‘प्रतिलिपी’ अशा अर्थाची सूचना दिली असता हेच घडते. क्रिया वेगाने होते व गुणवत्तेत काहीही घट होत नाही. मात्र दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे लागते. पहिली म्हणजे वेळ. वेष्टनात ध्वनी चित्रापेक्षा किंचित आधी वा नंतर सुरू होतो, अशी नोंद असू शकते. ती सुटल्यास पुढे चित्र व ध्वनी यांचा मेळ बसत नाही. दुसरी म्हणजे छेद. डॉल्बी डिजिटलचा प्रवाह १,५३६ नमुन्यांच्या खंडांचा बनलेला असतो व ४८,००० नमुना-दरास एक खंड ३२ मिलिसेकंदांचा होतो. पुन्हा संकेतन न करता ध्वनी कापावयाचा असल्यास तो खंडांच्या सीमेवरच कापता येतो.

विसंकेतन व मार्गांचा क्रम : ध्वनीवर संपादन करावयाचे असल्यास संकेतन उलगडून सहा मार्गांच्या सहा स्वतंत्र फाइली करतात. येथे मार्गांचा क्रम महत्त्वाचा असतो. वेव्ह फाइलीत डावा, उजवा, मध्य, नीच कंप्रता, मागील डावा, मागील उजवा असा क्रम आहे; डॉल्बी डिजिटलच्या प्रवाहात तो डावा, मध्य, उजवा, मागील डावा, मागील उजवा, नीच कंप्रता असा असतो. आज्ञावली सामान्यतः हा फरक स्वतःच जुळवून घेते. परंतु स्वतंत्र फाइली हाताने एकत्र करताना गफलत झाल्यास मध्य मार्गातील संवाद उजवीकडून ऐकू येतात. पूर्वोक्त कीर्तनाच्या बाबतीत कीर्तनकार बाजूला सरकून मृदंग मध्यभागी आल्यासारखे वाटेल. नीच कंप्रतेचा मार्ग ऐकविताना इतर मार्गांच्या तुलनेने १० डेसिबलने वाढविण्याचा संकेत आहे, हेही ध्यानात ठेवावे लागते.

साध्या वेव्ह फाइलीस सुमारे ४·२९ अब्ज बाइटांची मर्यादा आहे. वर दिलेल्या प्रमाणाने सहा मार्गांची एकत्रित फाइल सुमारे ८३ मिनिटांतच ही मर्यादा गाठते. त्यामुळे पूर्ण चित्रपटासाठी आरएफ-६४ यासारखे विस्तारित स्वरूप, आठ मार्गांपर्यंत सामावून घेणारे फ्लॅक किंवा प्रत्येक मार्गाची वेगळी फाइल यांपैकी एक पर्याय निवडतात.

दोन मार्गांत उतरविणे : बहुमार्गी ध्वनी साध्या दूरचित्रवाणी संचावर वा कर्णध्वनिक्षेपकांवर ऐकण्यासाठी सहा मार्गांचे दोन करावे लागतात. रूढ सूत्रानुसार नव्या डाव्या मार्गात मूळ डावा मार्ग पूर्ण, मध्य मार्ग ०·७०७ पट व मागील डावा मार्ग ०·७०७ पट मिळवितात. उजव्या बाजूसही तसेच करतात. नीच कंप्रतेचा मार्ग बहुधा वगळतात. या गुणकांची बेरीज २·४१४ होत असल्याने तिन्ही मार्ग एकाच वेळी कमाल पातळीस पोहोचल्यास ध्वनी विरूप होतो. ते टाळण्यासाठी सर्व गुणकांना २·४१४ ने भागल्यास ते अनुक्रमे ०·४१४, ०·२९३ व ०·२९३ होतात. विरूपण टळते, परंतु एकूण ध्वनी दबतो आणि संवाद क्षीण वाटू लागतात. चित्रपट घरी पाहताना संगीत कर्कश व संवाद अस्पष्ट ऐकू येण्याचे हे एक कारण आहे. डॉल्बी डिजिटलच्या प्रवाहात संवादाची पातळी व आवाजाच्या चढउताराची मर्यादा यांविषयीच्या सूचना अंतर्भूत असतात. रूपांतर करताना त्या लागू करावयाच्या की नाहीत, हे आधी ठरवावे लागते.

गणिताच्या दृष्टीने येथे सहा अज्ञात राशींपासून दोन बेरजा तयार होतात. दोन समीकरणांवरून सहा राशी काढता येत नाहीत. म्हणून ही क्रिया उलट फिरविता येत नाही. कीर्तनाचे मुद्रण दोन मार्गांत उतरविल्यावर समोरच्या टाळांचा व मागच्या गजराचा वेगळेपणा त्या बेरजेत विरून जातो.

दोन मार्गांतून अनेक मार्ग : डॉल्बी स्टिरिओसारख्या पद्धतीत चार मार्ग जाणीवपूर्वक दोहोंत गुंफलेले असल्याने ते बऱ्याच अंशी पुन्हा वेगळे करता येतात. दोन्ही मार्गांत समान कलेत असलेला ध्वनी मध्यभागी व विरुद्ध कलेत असलेला ध्वनी मागे पाठवितात. असा ध्वनी तीव्र संक्षेपणाच्या पद्धतीने साठविल्यास कलासंबंध बिघडून मागील मार्ग डागाळतो. सामान्य द्विमार्गी वा एकमार्गी ध्वनीपासून सहा मार्ग तयार करणाऱ्या आज्ञावलीही उपलब्ध आहेत. कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेल्या आज्ञावली मिश्रणातून गायन व वाद्ये बऱ्यापैकी वेगळी करतात. तथापि हे अनुमान असते, मूळ मार्गांची पुनःप्राप्ती नव्हे.

मार्गसंख्या समान असली तरी मांडणी समान असतेच असे नाही. ७० मिमी. फितीच्या मूळ योजनेत पडद्यामागे पाच व प्रेक्षागृहासाठी एक असे सहा मार्ग होते. ५·१ मध्ये पुढे तीन, मागे दोन व नीच कंप्रतेचा एक असे सहा आहेत. त्यामुळे एका षण्मार्गी ध्वनीचे दुसऱ्यात रूपांतर करतानाही नव्याने मिश्रण करावे लागते. डॉल्बी ॲटमॉसचे साध्या ५·१ मध्ये रूपांतर केल्यास ध्वनींच्या स्वतंत्र स्थानांची नोंद नाहीशी होते.

जतन : ध्वनीच्या जतनासाठी हा भेद निर्णायक ठरतो. चुंबकीय लेप असलेल्या ॲसिटेट फिती कालांतराने आक्रसतात व त्यांना शिर्क्यासारखा वास येऊ लागतो. फीत जीर्ण झाल्यावर तिच्यावरील ध्वनी अंकीय स्वरूपात उतरविण्याची संधी पुन्हा मिळेलच असे नाही. चित्रपट-जतनासाठी पुणे येथे १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. २०२२ मध्ये त्याचे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीनीकरण करण्यात आले. मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशन या संस्थेने सिप्पी फिल्म्सच्या सहकार्याने शोलेची पुनर्स्थापना केली व ती आवृत्ती जून २०२५ मध्ये इटलीतील बोलोन्या येथे प्रथम दाखविण्यात आली. या कामाच्या वेळी चित्रपटाची ७० मिमी. ची एकही प्रत शिल्लक राहिली नव्हती. ध्वनीसाठी मूळ ध्वनीची ऋणप्रत व चुंबकीय ध्वनिपट यांचा आधार घेण्यात आला. फार मोठ्या संख्येने पाहिल्या गेलेल्या चित्रपटाचीही ही स्थिती होऊ शकते, हे यावरून दिसते.

कायदेशीर बाजू : भारतीय प्रतिलिप्यधिकार अधिनियम, १९५७ अन्वये ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. २०१२ च्या दुरुस्तीने समाविष्ट झालेल्या कलम ६५-अ नुसार, हक्काचा भंग करण्याच्या हेतूने तबकडीवरील तांत्रिक संरक्षण मोडणे हा गुन्हा आहे. स्वतः मुद्रित केलेल्या कार्यक्रमाचे विलगीकरण वा रूपांतर करण्यास मात्र असा अडथळा नाही.

व्यवहारात पाळावयाचा क्रम यावरून ठरतो : प्रथम मूळ प्रवाह न उलगडता वेगळा काढावा, तो तसाच, शक्यतो दोन ठिकाणी, जपून ठेवावा, संपादनासाठी घटरहित संकेतनाचा उपयोग करावा, प्रत्येक फाइलीबरोबर मार्गांचा क्रम, नमुना-दर व केलेल्या क्रियांची नोंद ठेवावी, आणि दोन मार्गांतील संक्षेपित प्रत केवळ ऐकण्यासाठी, नेहमी मूळ प्रवाहापासूनच तयार करावी. संक्षेपित प्रतीपासून दुसरी संक्षेपित प्रत काढल्यास प्रत्येक वेळी घट वाढत जाते.