घटस्फोट आणि पती-पत्नीची मालमत्ता : कायदा काय सांगतो?

संसार मोडायची वेळ आली की आपल्याकडे आधी चर्चा होते ती चूक कोणाची याची. घर कोणाचे, दागिने कोणाचे, हा प्रश्न मागाहून येतो. तोपर्यंत पावत्या हरवलेल्या असतात, दागिने गहाण पडलेले असतात. म्हणून या विषयाची थोडी माहिती सभासद बंधू-भगिनींना व विद्यार्थ्यांना द्यावी, असे आम्हाला वाटले.

पहिला प्रश्न नेहमीचा : आपण बौद्ध, मग आपल्याला कोणता कायदा लागू? हिंदू विवाह कायदा, १९५५ हा त्याच्या कलम २ नुसार बौद्ध, जैन व शीख यांनाही लागू आहे. हिंदू वारसा कायदा, १९५६ चेही तसेच. या कायद्यांची मुळे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हिंदू कोड बिलात आहेत. ते बिल रखडले, हे बाबासाहेबांनी सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा देण्याचे एक प्रमुख कारण होते. स्त्रीच्या मालमत्तेवर तिची पूर्ण मालकी १९५६ च्या कायद्यातील कलम १४ ने मान्य केली.

दुसरा गैरसमज असा की, घटस्फोट झाला म्हणजे नवऱ्याच्या इस्टेटीतील निम्मा वाटा बायकोला आपोआप मिळतो. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यानुसार, लग्नाआधी वेगळा करार नसेल तर पती-पत्नी समान वाटेकरी होतात. महाराष्ट्रात तसा कायदा नाही. येथे मालकी मुख्यतः कागदावरून ठरते.

समजा, सोलापुरात नवरा यंत्रमागावर काम करतो, बायको विड्या वळते. दोघांच्या कमाईतून घर उभे राहिले, पण खरेदीखत एकट्या नवऱ्याच्या नावे झाले. उद्या वाद झाला तर आपण पैसे दिले, हे तिला सिद्ध करावे लागते. हातात दिलेल्या मजुरीला पावती कुठून आणायची? घरकामाचे मोल तर हिशेबातच येत नाही. मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये एका खटल्यात गृहिणीच्या श्रमाला मालमत्तेतील योगदान मानून समान वाटा दिला. मात्र तो निकाल महाराष्ट्रातील न्यायालयांवर बंधनकारक नाही.

स्त्रीधनाची गोष्ट निराळी. माहेरचे, सासरचे वा मित्रमंडळींचे तिला मिळालेले दागिने व भेटी तिच्याच मालकीच्या. ते सासरच्या कपाटात असले तरी सासरची माणसे केवळ राखणदार, आणि परत न दिल्यास विश्वासघाताचा गुन्हा होऊ शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने प्रतिभा राणी खटल्यात १९८५ मध्ये सांगितले. दोघांना मिळून आलेल्या वस्तूंचा निर्णय कलम २७ खाली घटस्फोटाच्या हुकुमातच होऊ शकतो. लग्नाआधी किंवा नंतर आलेली वस्तूही, तिचा लग्नाशी संबंध असेल तर, त्यात धरावी, असे १९९७ च्या कदम विरुद्ध कदम या निकालात म्हटले आहे.

घराची मालकी आणि घरात राहण्याचा हक्क यांत फरक आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यानुसार, सामायिक घर पत्नीच्या नावावर नसले तरी कायदेशीर मार्गाशिवाय तिला बाहेर काढता येत नाही. असे घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असले तरी हे संरक्षण मिळू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले.

पोटगी म्हणजेही मालमत्तेतील वाटा नव्हे. ती ठरवताना दोघांचे उत्पन्न व गरज पाहतात. त्यासाठी दोघांनीही आपली मिळकत व कर्जे प्रतिज्ञापत्रावर सांगावीत, असा दंडक २०२० मध्ये नागपूरहून गेलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घातला.

तेव्हा आमची विनंती एवढीच :

१) घर घेताना खरेदीखतावर दोघांची नावे घाला.
२) हप्त्यातील आपला भाग शक्यतो बँकेतून द्या.
३) लग्नातील दागिने व भेटींची यादी करून ती दोन्हीकडच्या सह्यांनिशी जपा.
४) परस्पर संमतीने वेगळे होत असाल तर घर, दागिने, कर्जाचे हप्ते यांचा तपशील लेखी करा. आपसातल्या कराराने बँकेचे कर्ज सुटत नाही.

वकिलाची फी परवडत नसेल म्हणून गप्प बसू नये. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रिया व अनुसूचित जातींतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न ठेवता मोफत कायदेशीर मदत मिळू शकते. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा.

हे सारे भांडणाची तयारी म्हणून करायचे नाही. दोघांच्या घामाचे घर दोघांच्या नावे असणे हा सुखाच्या संसारातलाही न्यायच आहे.