इटियाडोहचं पाणी आणि एप्रिलचं ऊन

अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावाजवळ गाढवी नदी अडवून 1970च्या सुमारास इटियाडोह धरण झालं. त्याच्या नहरावर गोंदिया, भंडारा आणि गडचिरोलीतल्या बांध्या भिजतात. साठा बरा असला की उन्हाळी धानालाही पाणी सुटतं. जानेवारी-फेब्रुवारीत रोवणी, मे महिन्यात कापणी. आभाळ मोकळं, ऊन भरपूर. त्यामुळे हे धान अनेकदा खरिपापेक्षा जास्त उतारा देतं. पण धान निसवतं तेव्हा एप्रिलचा पारा चाळिशी ओलांडत असतो आणि हेच ऊन पिकावर उलटतं.

पानात रुबिस्को नावाचं प्रथिन हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडतं, त्यातून साखर बनते. त्याला कामाला लावणारं दुसरं प्रथिन म्हणजे रुबिस्को ॲक्टिवेज. ते उष्णतेला फार नाजूक. पान तापलं की आधी तेच ढिलं पडतं आणि रुबिस्को असूनही रिकामं बसतं. जे काम करतं, तेही कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजन आधीपेक्षा जास्त वेळा पकडू लागतं. कमावलेला कार्बन पुन्हा हवेत जातो. बांधीवर उभं राहून यातलं काहीच कळत नाही, कारण पान हिरवंगार असतं.

कळतं ते लोंबीत. धानाची फुलं सकाळी, दुपार होण्याआधी उमलतात. त्या वेळी तासभर जरी फुलाचं तापमान 35 अंशांवर गेलं, तरी परागीभवन बिघडतं. कापणीला आलेली लोंबी वाकण्याऐवजी ताठ उभी असेल, तर दाणा चिमटीत दाबून पाहावा. टरफल चेपलं की पोचट. रात्रीचा उकाडाही तितकाच घातक. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेतल्या नोंदींवरचा 2004चा अभ्यास सांगतो, की कोरड्या हंगामात रात्रीचं किमान तापमान एका अंशाने वाढलं, तेव्हा उतारा सुमारे 10 टक्क्यांनी घटला.

मग चाळिशीत आपल्याकडे धान पिकतंच कसं? कोरड्या हवेमुळे. पान आणि लोंबी पाण्याची वाफ सोडून स्वतःला थंड ठेवतात. ऑस्ट्रेलियाच्या रिव्हरिना भागात अशाच कोरड्या हवेत लोंबी हवेपेक्षा सहा-सात अंशांनी थंड आढळली. पण हा गारवा मुळाशी पाणी असेपर्यंतच. निसवणीत नहराच्या पाण्याची एक पाळी चुकली, तर टेलवरच्या, म्हणजे नहराच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला उन्हाचा फटका सर्वांत आधी बसतो.

नगिना 22 हे उष्णता सोसणारं जुनं भारतीय वाण आहे. सकाळी लवकर फुलण्याचा गुणही संशोधकांनी जंगली भातातून लागवडीच्या भातात आणला आहे. साकोली आणि सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्रांनी हे गुण आपल्या वाणांत उतरवावेत. त्याला वर्षं लागतील. पाण्याची तारीख मात्र याच हंगामात बदलता येते. फार आधी पऱ्हे टाकले तर थंडीत ते वाढत नाहीत, उशीर झाला तर फुलोरा उन्हात सापडतो. म्हणून पाटबंधारे खात्याने आणि पाणी वापर संस्थांनी निसवणीपासून उलटं मोजत पहिलं पाणी ठरवावं, आणि एप्रिलमधली पाळी टेलपर्यंत पोचवावी.