नाशिकच्या वाइनरीला जायचं? मग हळदीचा मोसम लक्षात ठेवा!

हिंगोलीकरांसाठी सोपा हिशोब: वसमतकडे हळद काढून शिजवायची लगबग असते ना, साधारण तेव्हाच नाशिकला वाइनच्या द्राक्षांची तोडणी चालते. जानेवारी ते मार्च!

फ्रान्समध्ये तोडणी सप्टेंबरच्या आसपास. मग आपल्याकडे उन्हाळ्याच्या तोंडावर का? कारण छाटणी. इथे वेल वर्षातून दोनदा छाटतात: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, म्हणजे काडी तयार होते, पावसाळा सरताना फळछाटणी. घड मग कोरड्या हवेत आणि थंड रात्रींत पिकतात.

🍇 जानेवारी-फेब्रुवारी: माझी पहिली पसंती. क्रेटमधून घड येताना, देठ वेगळे होताना, टाकीत रस आंबताना दिसतो. तो आंबूस-गोड वास विसरणं अवघड! एक घड चाखून बघा: मणी बारीक, साल जाड, बियाही असतात, पण गोडी आपल्या खायच्या द्राक्षांपेक्षा जास्त.
🌧️ जुलै-सप्टेंबर: गंगापूर धरणाचा परिसर हिरवागार, पण वेलीवर घड नाहीत.
☀️ एप्रिल-मे: ऊन कडक, वेली छाटलेल्या. टेस्टिंग मात्र बारमाही.

जायचं कसं? हिंगोली-मुंबई जनशताब्दी नाशिक रोडला थांबते. तिथून सुला (स्थापना 1999), सोमा, यॉर्क हे सगळं गंगापूर धरणाच्या बाजूलाच. शनिवार-रविवार टाळा, टूर आधी बुक करा, आणि टेस्टिंग करणाऱ्याच्या हाती गाडीची किल्ली नको.

यंदा कोण कोण येतंय?