सूचनापर लेखन : लुकलुकणाऱ्या मॉनिटरचे उदाहरण

वर्णनपर आणि निवेदनपर लेखनाचा परिचय आपण यापूर्वी करून घेतला आहे. या घटकात सूचनापर लेखनाचा विचार करावयाचा आहे. पाककृती, औषधाच्या वेष्टनावरील मजकूर, यंत्रासोबत मिळणारी माहितीपुस्तिका ही त्याची परिचित रूपे होत. ललित लेखनात एखादे वाक्य सैल पडले तर रसभंग होतो. सूचनापर लेखनात तसे घडले तर वाचकाचा हात भाजतो, प्रसंगी जीवही जातो. भाषेवरील ही जबाबदारी समजून घेण्यासाठी एक घरगुती उदाहरण घेऊ. घरातील संगणकाचा मॉनिटर लुकलुकू लागला आहे. तो घरच्या घरी कसा तपासावा, हे आपणांस लिहून सांगायचे आहे.

१. दोषाचे नेमके नाव

‘स्क्रीन बिघडली आहे’ या वाक्यातून दुरुस्ती करणाऱ्याला काहीच उलगडत नाही. मराठीत मात्र या दोषांचे भेद दाखवणारी क्रियापदे आपल्या रोजच्या बोलण्यात आहेत. प्रकाश क्षणोक्षणी कमीजास्त होत असेल तर पडदा ‘लुकलुकतो’. प्रकाश स्थिर असून अक्षरे जागच्या जागी हलत असतील तर चित्र ‘थरथरते’. उजेडच मंद पडला असेल तर पडदा ‘मिणमिणतो’. चित्र उमटून दोन-तीन सेकंदांत काळोख होत असेल तर पडदा ‘विझतो’.

हे भेद केवळ शब्दांचे नाहीत. थरथरणाऱ्या चित्रामागे बहुधा सैल केबल किंवा संदेशातील अडथळा असतो. विझणाऱ्या पडद्यामागे बहुधा पडद्याच्या पाठीमागील दिव्याचा, म्हणजे बॅकलाइटचा दोष असतो. त्याची परीक्षा सोपी आहे. पडदा काळा झाल्यावर त्यावर तिरपी बॅटरी धरावी. अंधूक चित्र दिसले, तर चित्र तयार होत आहे, फक्त त्यामागचा दिवा जळत नाही, असे समजावे. योग्य क्रियापद निवडले की निदानाची पहिली पायरी आपोआप ओलांडली जाते.

२. तपासणीचा क्रम

सूचना सोप्याकडून कठीणाकडे जाव्यात आणि प्रत्येक सूचनेनंतर ‘काय दिसल्यास काय समजावे’ हे सांगावे. मॉनिटरपुरता हा क्रम असा मांडता येईल.

(अ) मॉनिटरवरील बटण दाबून त्याची स्वतःची सूची पडद्यावर आणा. ही सूची मॉनिटर स्वतः तयार करतो, संगणक नव्हे. सूचीही लुकलुकत असेल तर दोष मॉनिटरमध्ये किंवा त्याच्या वीजपुरवठ्यात शोधावा. सूची स्थिर राहून केवळ मागचे चित्र लुकलुकत असेल तर दोष केबलमध्ये किंवा संगणकात असण्याचा संभव अधिक.

(आ) संगणक व मॉनिटर बंद करा. चित्राची केबल दोन्ही टोकांना काढून पुन्हा घट्ट बसवा. जुन्या व्हीजीए केबलच्या दोन्ही बाजूंचे स्क्रू आवळा. शक्य असल्यास शेजाऱ्यांकडील दुसरी केबल लावून पाहा. नव्या केबलने चित्र स्थिर झाले तर दुरुस्ती येथेच संपली.

(इ) विंडोज १० किंवा ११ असल्यास सेटिंग्जमधील ‘डिस्प्ले’ विभागात जाऊन रिफ्रेश रेट तपासा. पडद्यावरील चित्र एका सेकंदात किती वेळा नव्याने मांडले जाते, ते हा आकडा सांगतो. सामान्य सपाट मॉनिटरला ६० हर्ट्झ पुरेसे असतात. जुन्या, पाठीमागे फुगीर असलेल्या मॉनिटरवर मात्र ६० हर्ट्झला लुकलुक डोळ्यांना जाणवते. तेथे ७५ किंवा ८५ हर्ट्झ उपलब्ध असल्यास तो आकडा निवडावा.

(ई) कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. इतर सर्व लुकलुकत असून ही चौकट स्थिर असेल तर दोष एखाद्या प्रोग्रॅमचा असावा. तो अद्ययावत करावा किंवा काढून टाकावा. चौकटही लुकलुकत असेल तर डिस्प्ले ड्रायव्हर नव्याने बसवावा.

(उ) पहिल्या परीक्षेत मॉनिटरची सूचीही लुकलुकली असेल, तर विजेची वायर व सॉकेट बदलून पाहा. नंतर प्रखरता पूर्ण वाढवा. काही मॉनिटर दिवा अतिशय वेगाने चालू-बंद करून उजेड कमी करतात. अशा मॉनिटरची लुकलुक पूर्ण प्रखरतेवर घटते.

३. कोठे थांबावे

उत्तम सूचनालेखक वाचकाला काय करावे हे सांगतो, तसेच कोठे थांबावे हेही सांगतो. वरील पाचही उपाय फसले तर दोष बहुधा मॉनिटरच्या आत आहे. आतील वीजपट्टीवरील कपॅसिटर जुने होऊन त्यांचे माथे फुगतात, हे एक नेहमीचे कारण. सुटा भाग स्वस्त असतो, म्हणून स्वतःच आवरण उघडण्याचा मोह होतो. परंतु आपल्या घरातील २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर त्या पट्टीवरील मोठा कपॅसिटर सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत भारित होतो आणि प्लग काढल्यानंतरही काही काळ तसाच राहू शकतो. जुन्या फुगीर मॉनिटरच्या काचनळीत तर २०,००० व्होल्टच्या वरचा दाब असतो. हे काम प्रशिक्षित कारागिराचेच आहे.

येथे परिभाषेचाही प्रश्न येतो. ग्रंथांत ‘धारित्र’ हा शब्द आढळतो; दुकानात आणि कारागिराच्या तोंडी ‘कपॅसिटर’ असतो. सूचनेत वाचकाच्या ओळखीचा शब्द वापरावा, कारण तो शब्द घेऊनच वाचक दुकानात जाणार आहे.

४. वाक्यरचना आणि सुरक्षितता

आता पुढील दोन रूपे ताडून पाहा.

पहिले रूप : ‘मागील आवरण ओल्या फडक्याने पुसावे, मात्र तत्पूर्वी वीजपुरवठा खंडित केला गेला असल्याची खातरजमा करावी.’

दुसरे रूप : ‘प्लग सॉकेटमधून काढा. मग मागील आवरण ओलसर फडक्याने पुसा.’

पहिले वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. तरीही ते धोकादायक आहे. सूचना वाचणारा वाक्य संपण्याची वाट पाहत नाही. एका हातात कागद, दुसऱ्या हातात फडके अशी त्याची स्थिती असते. ‘मात्र’ या शब्दापर्यंत तो पोहोचतो तेव्हा फडके आवरणावर पडलेले असते. दुसऱ्या रूपात वाक्यांचा क्रम आणि कृतींचा क्रम एकच आहे.

‘प्लग काढून आवरण पुसा’ असेही म्हणता येईल. ‘-ऊन’ प्रत्ययामुळे क्रम बरोबर राहतो. पण आज्ञेचा जोर ‘पुसा’ या मुख्य क्रियापदावर पडतो आणि जीव वाचवणारी कृती गौण स्थानी जाते. म्हणून सुरक्षिततेच्या कृतीला स्वतंत्र वाक्य आणि स्वतंत्र आज्ञार्थी क्रियापद द्यावे.

सारांश

सूचनापर लेखनात दोषाला नेमके नाव द्यावे, कृती सोप्याकडून कठीणाकडे मांडाव्यात, प्रत्येक कृतीचा अर्थ सांगावा, थांबण्याची जागा दाखवावी आणि सावधगिरीची सूचना कृतीच्या आधी द्यावी.

स्वयं-अध्ययनासाठी

१. ‘लुकलुकणे’, ‘थरथरणे’ आणि ‘मिणमिणणे’ यांतील अर्थभेद स्पष्ट करा.

२. प्रेशर कुकरचे झाकण उघडण्याविषयी सहा वाक्यांत सूचना लिहा. ती घरातील एखाद्या व्यक्तीस देऊन, स्वतः काहीही न बोलता, तिला थंड व रिकाम्या कुकरवर कृती करण्यास सांगा. ती जेथे अडखळेल, तेथील वाक्य पुन्हा लिहा.