खुरटलेले पिलू

कोंबडीने उबवलेल्या अंड्यांतून एकविसाव्या दिवसाच्या सुमारास पिले बाहेर पडतात. पहिल्या दिवशी ती सारी सारखीच दिसतात. परंतु महिन्याभराने पाहावे, तर बाकीची पिले चांगली वाढलेली असतात आणि एखादे मात्र त्यांच्या निम्म्यानेही भरत नाही. पंख खाली सोडून, डोळे मिटून ते कोपऱ्यात उभे असते. ‘ते उपजतच दुबळे,’ असे म्हणून लोक त्याची आशा सोडतात. काही पिलांच्या बाबतीत हे खरेही असते. पण पुष्कळदा या खुरटेपणाची कारणे जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत सापडतात.

पहिले कारण थंडी. अंड्यातील उरलेला बलक जन्मापूर्वीच पिलाच्या पोटात ओढला जातो. या शिदोरीवर ते सुमारे दोन दिवस तग धरू शकते. ऊब मात्र त्याला बाहेरूनच मिळावी लागते. कारण अंगावरची मऊ लव थंडी अडवू शकत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यात पिलांभोवती सुमारे ३५ अंश सेल्सिअस उष्णता राखतात व पुढे दर आठवड्याला ती सुमारे ३ अंशांनी उतरवतात. आई जवळ असली, तर तिचे पंखच हे काम करतात. ऊब अपुरी पडली, की पिले एकमेकांना बिलगून बसतात आणि दाणापाणी विसरतात.

दुसरे कारण निकस अन्न. नुसत्या तांदळाच्या कण्यांनी पोट भरते, पण शरीर घडत नाही. मांस व पिसे घडण्यासाठी प्रथिने लागतात. लहान पिलांच्या खाद्यात त्यांचे प्रमाण शेकडा २० च्या आसपास असावे लागते. परसात हिंडणारी पिले किडे व वाळवी टिपून ही गरज बरीचशी भागवतात. कोंडलेल्या पिलांना पेंड किंवा सुकट द्यावी लागते. ऊनही हवे, ड जीवनसत्त्व न मिळाल्यास त्यांचे पाय वाकतात.

पण ऊब आणि अन्न सर्वांसाठी सारखेच ठेवले, तरी एखादेच पिलू मागे का पडावे? नॉर्वेतील संशोधक थोर्लेफ श्येल्डेरप-एब यांनी १९२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवून दिले, की कोंबड्यांच्या कळपात चोच मारण्याचा एक क्रम असतो. वरची खालचीला टोचते. सर्वांत खालची मात्र कोणालाच टोचू शकत नाही. पिले मोठी होऊ लागली, की त्यांच्यातही असा क्रम ठरतो. खाद्याचे भांडे एकच व लहान असेल, तर दुबळे पिलू उपाशी राहते. उपाशी राहिल्याने ते अधिकच दुबळे होते.

चौथे कारण रोग. ओलसर भुशात रक्ती हगवणीचे सूक्ष्म परजीवी वाढतात. ते आतड्याच्या अस्तराला इजा करतात. मग खाल्लेले अन्न अंगी लागत नाही.

म्हणून जाणता पाळणारा पिलू मागे पडताच त्याला वेगळे ठेवतो, ऊब व सकस खाद्य देतो, भुसा कोरडा ठेवतो आणि रोगाचा संशय येताच पशुवैद्याला दाखवतो. असे पिलू दरवेळी वाचतेच असे नाही. परंतु त्याला दुबळे ठरवण्यापूर्वी, त्याच्या वाट्याचा दाणा त्याच्यापर्यंत पोहोचला होता काय, हे पाहणे अगत्याचे असते.