मेंदूचा कालविवेक

मराठीतील ‘परवा’ हा शब्द कालच्या आधल्या दिवसाला लागू पडतो, तसाच उद्याच्या पुढील दिवसालाही. ‘परवा आलो’ आणि ‘परवा येईन’ यांतील कालभेद त्या शब्दात नसून क्रियापदात असतो. मेंदूतील कालज्ञानाची स्थितीही काहीशी अशीच आहे. भूत, वर्तमान आणि भविष्य यांचे तीन स्वतंत्र कप्पे मेंदूत असावेत, ही समजूत स्वाभाविक असली तरी संशोधनाने तिला पुष्टी मिळत नाही.

या प्रश्नाला निर्णायक वळण मिळाले ते एका रुग्णामुळे. कॅनडातील ‘के. सी.’ या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या तरुणास 1981 मध्ये मोटारसायकलचा अपघात झाला आणि त्याच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पससह अनेक भागांना इजा पोहोचली. त्याची बुद्धी व भाषा बहुतांशी शाबूत राहिली. घड्याळ आणि दिनदर्शिका यांचे ज्ञानही टिकले. कुटुंबाचे उन्हाळी घर कोठे आहे, हे तो सांगू शके. परंतु तेथे घडलेला एकही प्रसंग त्याला आठवत नसे. मानसशास्त्रज्ञ एंडेल टल्व्हिंग यांनी त्याला ‘उद्या काय करणार?’ असे विचारले, तेव्हाही त्याचे मन तितकेच रिते असल्याचे आढळले. तात्पर्य, काळाविषयीचे ज्ञान आणि काळातून मनाने प्रवास करण्याची शक्ती या दोन भिन्न गोष्टी होत. आणि भूतकाळाबरोबर भविष्यकाळही लोपू शकतो.

2007 मध्ये डेमिस हसाबिस, एलिनॉर मॅग्वायर व त्यांचे सहकारी यांना हिप्पोकॅम्पसला इजा झालेल्या रुग्णांची कल्पनाचित्रे विस्कळीत असल्याचे दिसून आले. तथापि सर्व निष्कर्ष एकमुखी नाहीत. 2010 मध्ये लॅरी स्क्वायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलेले रुग्ण भविष्याची कल्पना नीट करू शकत होते. त्यामुळे या शक्तीचे श्रेय एकट्या हिप्पोकॅम्पसला देता येत नाही. मात्र निरोगी व्यक्तींच्या मेंदूच्या प्रतिमांत स्मरण व भविष्यकल्पना या दोन्ही वेळी बव्हंशी समान क्षेत्रे कार्यरत होतात, हे पुन्हापुन्हा दिसून आले आहे.

साधने जर समान, तर भेद कशाने होतो? मार्सिया जॉन्सन व कॅरल रे यांनी 1981 मध्ये मांडलेल्या विचारानुसार, प्रत्यक्ष घडलेल्या प्रसंगाच्या स्मृतीत इंद्रियजन्य व स्थलकालविषयक तपशील अधिक असतो; कल्पिलेल्या प्रसंगात मनाने केलेल्या खटाटोपाच्या खुणा अधिक असतात. या खुणांवरून मेंदू निवाडा करतो. अर्थात हा निवाडा चुकूही शकतो. वारंवार कल्पिलेली घटना तपशिलांनी समृद्ध झाली, की ती घडलेलीच वाटू लागते. न्यायालयातील प्रामाणिक साक्षीदारही कधीकधी चुकतो, याचे एक कारण येथे सापडते.

वर्तमानाचे भानही असेच सांभाळावे लागते. स्विस मेंदूविज्ञ आर्मिन श्नायडर यांनी वर्णिलेली एक प्रौढ रुग्णस्त्री आपल्या तान्ह्या बाळाला दूध पाजण्यासाठी रुग्णालयातून निघू पाहत असे. ते ‘बाळ’ तेव्हा तिशी ओलांडलेले होते. तिची आठवण खोटी नव्हती. ती आजची नव्हती, एवढेच. नेत्रगुहांच्या वर असलेल्या ललाटखंडाच्या मागील भागास इजा झाल्यास असे घडते. मनात उठलेल्या विचाराचा चालू वास्तवाशी संबंध आहे की नाही, याची छाननी हा भाग करतो, आणि तीही विचाराची पूर्ण जाणीव होण्यापूर्वी, सेकंदाच्या अल्पांशात, असे श्नायडर यांचे प्रतिपादन आहे.

सारांश, स्मृतीवर तिच्या काळाची कायमची मोहोर उमटलेली नसते. ‘हे घडले’, ‘हे घडत आहे’ आणि ‘हे घडेल’ ही विधाने मेंदूला प्रत्येक वेळी नव्याने सिद्ध करावी लागतात. निरोगी माणसात हे कार्य इतके सहज चालते, की ते चालते याचीच जाणीव होत नाही. ते बिघडले म्हणजे मात्र काळाचे ज्ञान शाबूत असूनही मनुष्य काळात हरवतो.